सारखं पाणी

सियागंजातून पावशेर डबल बी आणली होती, उसळीसाठी.
कुमुदिनीने रात्री भिजत घातली,
सकाळी त्यातल्या सात बिया मी उचलल्या
आणि जामाच्या आळ्यात पुरल्या,
बोटाची दोन पेरं खोल, डोळा खाली करून.
(इंदुरात आम्ही पेरूला जाम म्हणतो.
पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत.)

फेब्रुवारी सरत आला होता, काळी माती उबेला आली होती.

छत्तीस वर्षं मी नगर निगमचा व्हॉल्व्ह फिरवला.
एक दिवसाआड, पाऊण तास.
कुणाच्या दारी हौद, कुणाच्या दारी एक कळशी,
माझा पाना सगळ्यांना सारखाच फिरला.
शिव्या खाल्ल्या,
पण पक्षपात केला असं कुणी म्हणालं नाही.
तोच हिशेब आळ्यात लावला:
दर चौथ्या दिवशी दोन बादल्या, दोघांत मिळून.

नवव्या दिवशी वेलीने मान वर काढली,
बीची दोन जाड दळं डोक्यावर तशीच घेऊन.
मग धरायला काहीतरी शोधू लागली.
मी सुतळी बांधली.
ती सुतळी सोडून पीळ घेत जामाच्या फांदीवर गेली.
मला बरं वाटलं. एका घरात दोघं नांदतायत.

नर्सरीतला गेंदालाल फाटकात थांबून बघत राहिला.
"जाम को प्यासा रखो, दादा," म्हणाला.
होळीपासून ताण द्यायचा.
पानं पिवळी पडू द्यायची, गळू द्यायची,
मुळांना वाटू द्यायचं की आपल्याला विसरले.
मग मृगात पाणी.
तेव्हा ते फुलतं, आणि थंडीत फळ देतं,
दातांना लागेल असं.

आणि हिला?
हिला तहान चालत नाही, चिखलही चालत नाही.
शेणखत जास्त झालं तर नुसता पाला.
ऊन हवं, पण एप्रिलची दुपार नको.
पारा चाळिसावर गेला तशी
हिरवट पांढरी फुलं गळाली, एकही न चुरगळता,
जणू कुणी मोजून खाली ठेवलीत.
शेंगा धरल्या अकरा.

ऐकलं सगळं, पण बादल्या थांबवल्या नाहीत.
एकाच आळ्यात एकाचं पाणी कसं तोडणार?
जामाने माझ्या पाण्याचा मान राखून
अवेळी बहर धरला.
श्रावणात फळं आली, पाणचट,
आणि प्रत्येकात अळी.

कुमुदिनी ओट्यावर वाळक्या शेंगा सोलत होती.
सव्वीस दाणे निघाले.
"दोघांना सारखंच दिलंत ना?" म्हणाली.
ती झाडांबद्दलच बोलत होती.

ऋजुता आणि मुग्धा.
एकाच ताग्याचे फ्रॉक, सारख्या वह्या,
रागावणं सारखं, एकटं सोडणं सारखं.
ऋजुता त्यात वाढली. तिला कुणी विचारलेलं आवडत नसे.
मुग्धा दहावीच्या वर्षी, रात्री, पुस्तक उघडं ठेवून म्हणाली,
बाबा, जरा बसा ना इथे.
मी म्हणालो,
ऋजुताच्या वेळी बसलो नव्हतो.
आणि दिवा तेवढा नीट करून गेलो.

पोळ्याच्या सुमारास चार दाणे टबात लावले,
पूर्वेच्या भिंतीशी, बांबू रोवून.
नोव्हेंबरात दोन वेळची उसळ झाली.
कुमुदिनी झाकण न ठेवता शिजवते,
पहिलं पाणी फेकून देते.
त्याचंही काही कारण असेल, मी विचारलं नाही.

यंदा होळीपासून जामाला पाणी बंद आहे.
सकाळी बादली भरते आणि पाय आपसूक तिकडे वळतात.
पानं पिवळी पडतायत. बघवत नाही, बघतो.

रविवारी बस धरून देवासला गेलो, मुग्धाकडे.
ती शाळेचे पेपर तपासत होती.
काही काम होतं का बाबा, म्हणाली.
नाही, म्हटलं.
खुर्ची ओढून घेतली.
ती पुन्हा पेपरांकडे वळली.